पांगुळगाडा

चेंदणी कोळीवाड्यात, खाडीकडच्या गल्लीत
अण्णा पांगुळगाडे करायचे.
सागाची चौकट, तीन चाकं,
धरायला आडवी दांडी, तिला लाखेचा लाल रंग.
गिऱ्हाईक म्हणायचं, पांगुळगाडा द्या.
अण्णा म्हणायचे, गाडा? हा घ्या.
शब्दाचा पहिला अर्धा भाग
ते रंध्यावरच्या किसासारखा फुंकून टाकत.

मी दीड वर्षाची असताना तापले
आणि डावा पाय तापातून परत आला नाही.

आई म्हणायची, जरा अधू आहे.
त्यातलं ‘जरा’ ती मोठ्यानं म्हणायची.
शाळेच्या रजिस्टरात बाईंनी लिहिलं, अपंग,
शाई टिपकागदानं नीट टिपली.
हिराय मावशी पाटी उतरवत हाक मारायची,
‘ये गो लंगरे!’
तिच्या जिभेवर ड चा र होत असे,
आणि मला वाटायचं, लंगर.
होडी वाहून जाऊ नये म्हणून टाकतात, तो.
कित्येक वर्षं मी त्या हाकेला
खूश होऊन ओ दिली.

लंगडी मात्र मुली खेळायच्या, दोन पायांच्या.
दमल्या की उचललेला पाय खाली ठेवायच्या.
मी पंच.

पुढे सिव्हिलमध्ये माझे टक्के काढले.
टेप लावली, गुडघा वाकवून पाहिला.
बेचाळीस.
दहावीला याहून बरे होते.
रांगेत पुढे एक बाई सगळ्यांना सांगत होती,
मुका आहे हो माझा,
आणि सांगता सांगता पोराचा मुका घेत होती.
माझा नंबर पुकारला गेला,
मला ऐकूच आला नाही.

आता खिडकीवर दिव्यांग लिहिलंय.
रंग एकच हात दिलेला,
खालचा जुना अ उन्हात वर येतो.
तापल्या लोखंडाचा गोळा तळहातावर घेऊन
खरेपणा सिद्ध करायचा,
त्यालाही पूर्वी दिव्यच म्हणत.
खिडकीपर्यंत तीन पायऱ्या आहेत.
कठडा नाही.
दर वर्षी हयातीचा दाखला घेऊन
मी तेवढं दिव्य करते.

अण्णांची उजवी बाजू गेली गेल्या माघात.
डॉक्टर म्हणाले पॅरालिसिस, शेजारी म्हणाले वारं गेलं,
अण्णा काहीच म्हणाले नाहीत, चार महिने.
नौपाड्यातून मी वॉकर आणला,
ॲल्युमिनियमचा, हलका, पुढे चाकं.
एका सकाळी पलंगावरून जड जिभेनं,
एकेक अक्षर ठोकून बसवत, म्हणाले,
‘माझा पां-गु-ळ-गा-डा दे.’

सगळा शब्द. पहिल्यांदा.

मी सरकवला.
डाव्या हातानं त्यांनी एक चाक फिरवून पाहिलं,
सांध्यावर नख घासलं, तोंड वाकडं केलं.
मग पुढची चाकं मोजली. एक, दोन.
‘तिसरं कुठंय?’

मी त्यांच्या उजव्या बाजूला उभी होते.