प्रश्न सातवा

निरीक्षणगृहाच्या ऑफिसात कॉम्प्युटर एकच,
माइक सेलोटेपनं चिकटवलेला.
अकराला लिंक आली.
आम्ही तिघं काळजीवाहक, स्वयंपाकाच्या पारूबाई,
आणि अधीक्षक मॅडम. त्यांनी आधी दार लावून घेतलं,
पोरांच्या कानावर जायला नको म्हणून,
जे पोरांनाच शिकवायचं होतं.

पडद्यावरच्या बाई माझ्या थोरलीच्या वयाच्या.
म्हणाल्या, अवयवांची नावं मोठ्यानं घ्या.
शिवी म्हणून नको, नाव म्हणून.
जसं कोपर. जसा घोटा.
बाबासो उगीच खोकला.
पारूबाई म्हणाल्या, "ह्येच शब्द पोरं दिसभर
एकमेकास्नी फेकून मारत्यात. त्येचं काय एवढं?"
आणि घेतली की नावं, वाटाणा सोलावा तशी.

माझी पाळी आली.
घाम पुसला, शब्द पुरता उच्चारला, शेवटच्या अक्षरापर्यंत.
"सरनोबत सर, तुम्ही म्यूटवर आहात."

तालमीत नऊ वर्षं काढली मी.
वस्ताद दोनच गोष्टी सांगायचे:
बदाम भिजत घाल, लंगोट घट्ट ठेव.
तिसरं विचारायची कुणाची टाप नव्हती.
लग्नाच्या आदल्या दिवशी थोरल्यानं गंगावेशीत नेलं,
समोर म्हैस पिळून पेला हातात दिला,
पाठीवर थाप मारली.
झालं शिक्षण.

शेवटी दहा प्रश्न होते.
सातवा असा:
समोरचं माणूस गप्प राहिलं, म्हणजे त्याची संमती आहे.
बरोबर, की चूक?

'चूक' वर टिचकी मारली. हिरवी खूण उगवली.
दहापैकी दहा.
प्रमाणपत्रावर नाव मावेना,
'सरनो' वरच्या ओळीत, 'बत' खालच्या.
घरी मालननं पिठाचा हात लागू न देता ते वाचलं.
"कशाचं हो?"
"आरोग्याचं," म्हणालो.

एकतीस वर्षांमागं, वडणग्यात, मधल्या खोलीत
मी कंदील बारीक केला होता.
ती भिंतीकडं बघत होती.
मी काही विचारलं नव्हतं.
ती गप्प होती.

मंगळवारी पहिला तास घेतला.
सतरंजीवर चौदा पोरं. आधी हसून घेतलं त्यांनी,
हसू द्या, असं प्रशिक्षणात होतंच.
सातव्यापाशी आलो तेव्हा
खांबाला टेकलेल्या सुदर्शननं मान वर केली.
आल्यापासून दोन महिन्यांत
जेवण आणि हजेरी सोडून बोलला नव्हता पोरगा.
"सर," म्हणाला,
"आणि ज्याला ह्ये आधी कुणी सांगितलंच न्हाई, त्यानं?"

स्लाइड पुढं सरकवली. तिथं हात धुण्याचं चित्र.
मागं नेली. तिथं नुसता मथळा.
पंखा खडखडत होता,
बाहेर कुणीतरी पिंपाचं झाकण पाडलं.
एवढ्या वेळात मला खोटं बोलता आलं असतं.

म्हणालो, "सांगितलं न्हाई, ह्ये खरं.
झालं, ह्ये बी खरं.
दोन्ही घिऊन बसायचं, बाळा.
मी बी बसलोय."
तो हसला नाही, रडला नाही.
सतरंजीचा एक दोरा उसवत राहिला,
आणि पुढच्या रांगेतला एकजण
पहिल्यांदाच वहीत काहीतरी लिहू लागला.

त्या रात्री भाकरी ताटात तशीच.
"मालन, एक विचारू?"
"इचारा की."
"लई जुनं हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं,
भिंतीकडं नाही.
तव्यावरची भाकरी उतरवली,
गॅस बारीक केला नाही, बंद केला,
आणि पाट ओढून समोर बसली.