सुलट

डॉक्टर पणदूरकरबाईंनी औषधाच्या कागदामागे
माझं आतडं काढलं.
पेनानं एक वळणावळणाची नळी
आणि तिच्या डाव्या अंगाला फुगलेल्या चार-पाच पिशव्या,
वाटाण्याएवढ्या.
"यातली एक सुजली," म्हणाल्या, "म्हणून ताप, म्हणून कळ."
मी म्हटलं, बाई, हे तर रापणीचे खोले झाले.
कुडाळात राहतात, समुद्र तासाभरावर,
पण खोला त्यांना ठाऊक नव्हता.
मग त्याच कागदावर मी त्यांना रापण काढून दाखवली.

आठ दिवस सलाईन. मग पेजेची निवळ.
मग मऊ भात, आणि बऱ्याच दिवसांनी
नाचणी, चवळी, तांबडी भाजी.
द्वारका तांब्या मोजून पाणी पाजते,
मागच्या दारच्या मिरचीला घालते तशीच, न बोलता.
"आता निजून राहू नका," बाई म्हणाल्या होत्या,
"चाला. रोज चाला.
दोर मात्र इतक्यात नको."

तळाशीलात चालायचं म्हणजे कुठे?
एका हाताला दर्या, दुसऱ्या हाताला खाडी,
मधे गाव, चुलीपुढच्या फुंकणीसारखं लांब नि बारीक.
आडवं चाललं तर बघता बघता पाय भिजतात.
म्हणून उभं चालायचं.

पहिल्या दिवशी बुधाजी तारीच्या होडीपर्यंत गेलो
आणि होडीला टेकून उभा राहिलो,
जणू तिची डागडुजी बघायला आलोय.
दुसऱ्या दिवशीही तेच.
तिसऱ्या दिवशी बुधाजी म्हणाला,
"होडयेक काय्येक जावक नाय. तू बस वायच."

मुलानं मनगटाला बांधायचं काहीतरी पाठवलंय,
ते पावलं मोजतं.
मी माड मोजतो. परवा एकोणसाठ झाले.
डाव्या कुशीवर हात ठेवून चालतो,
खिशात सुटे पैसे असल्यासारखा.

बेचाळीस वर्षं रापण ओढली.
ज्यानं ओढली नाही त्याला सांगतो:
कमरेला दोर अडकवून माणूस रेलतो
आणि टाचांनी वाळू खणत मागे मागे जातो.
डोळे दर्यावर, पाठ गावाला.
बेचाळीस वर्षं मी उलटा चाललो.
मागे काय आहे ते पाठीनंच कळायचं.

आता सुलट चालतो
तर सुरूच्या बनाआड कुणीतरी शेवगा लावलाय,
चांगला छपरापर्यंत गेलेला.
शाळेच्या मागच्या भिंतीवर कोळशानं काढलेला रेडा आहे,
त्याला पाच पाय.
हे कधीपासून आहे, विचारलं,
तर मास्तर माझ्याकडेच बघत राहिले.

मध्यंतरी परत कळ आली.
त्या दिवशी चाललो नाही.
न चालणंही शिकावं लागलं, ते जास्त जड गेलं.
फोन केला, गोळ्या, पेज, अंथरूण.
बाहेर रापण लागली होती, माणसं एकमेकांना हाका घालत होती,
आणि मी निजल्या निजल्या
गोधडीची किनार दोन्ही हातांनी ओढत होतो.
द्वारकेनं ती माझ्या हातातून सोडवली.

आज एकोणसाठाव्या माडाशी पोचलो तेव्हा
दोर किनाऱ्याला येत होता.
मी हात लावला नाही. खरंच नाही.
फक्त शेवटच्या टोकाला बुधाजीचा नातू
दोराची वेटोळी घालत होता, वेडीवाकडी.
मला राहवेना.
त्याला दाखवलं: ओढायचं नाही,
येईल तेवढाच घ्यायचा आणि त्याच्याभोवती चालायचं.
गोल गोल चाललो दोघं.
मनगटावरचं ते यंत्र किती म्हणालं, बघितलं नाही.

वाटे पडले तेव्हा मी निघालो होतो.
"खंय चललंस? तुझो वाटो!"
अर्धा वाटा. सात बांगडे.
घरी येईपर्यंत दोनदा हात बदलला.

द्वारकेनं ते मोजले,
माझ्या पायांकडे बघितलं, ओल्या वाळूकडे,
आणि तांब्या पुढे केला.