नव्या शिडाबद्दल, धक्क्यावर

सुयोग कोयंडे गोव्याहून परतला
तो काखेत नळकांडं घेऊन. त्यात कागद.
जाळ्यांच्या शेडमध्ये, माझ्या मशीनशेजारी
त्यानं तो पसरला,
कोपऱ्यांवर जाळ्याची शिसं ठेवली
आणि म्हणाला, बघा.

कागदावर एक उंच, सडपातळ त्रिकोण.
परबाण नाहीच.
डोलकाठी ॲल्युमिनियमची, ओळंब्यात उभी.
डिझेल परवडत नाही, वारा अजून कुणी मोजून विकत नाही,
एवढंच त्याचं म्हणणं.

बघायला सगळे आले. विजयदुर्गच्या धक्क्यावर
मासळीच्या आधी मतं उतरतात.

गणू खवणेकर म्हणाला,
"आमची काठी फुडे वाकता, दर्याक मान देता.
ही बघ कशी ताठ,
तालुक्याच्या सायबासारखी."

हसनचाचांनी कापड दोन बोटांत चुरगळून पाहिलं.
मचव्यावर कौलं वाहिलेला माणूस.
"सुती शीड भिजतं, जड होतं,
कण्हतं, म्हणतं आता उतरव मला.
हे फाटेपर्यंत गप्प राहणार."
मला पटलं. मी मान हलवली.
कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

"आणि वरच्या पुलाखालसून कशी जातली? भरतीक?"
सुयोगनं पेन्सिलीनं काठीच्या बुडाशी
एक बिजागरी काढली.
ती तेव्हाच सुचली होती, हे सगळ्यांना दिसलं.

मग तो जरा उत्साहात म्हणाला,
परबाण फिरवायला चार माणसं लागायची,
ह्याला एक पुरे.
शेडमध्ये फक्त पंख्याचा आवाज राहिला.
दिगू, जो त्या चौघांत नेहमी चौथा,
म्हणाला, "मगे मी खंय बसू?"
लोक हसले. दिगू हसला नाही.

धाकू तांडेल काहीच बोलला नाही.
नखानं खांबाचा रंग खरवडत राहिला.

अकरा दिवस मी शिवत होते.
कापड फरसाणाच्या पिशवीसारखं कुरकुरतं,
सुईखालून निसटतं, भोक विसरत नाही.
चुकलेला टाका उसवला तरी
चूक तिथेच राहते, उजेडात धरली की दिसते.
वडील शिवायचे ती शिडं ऐनाच्या सालीत रंगवलेली,
आठवडाभर हाताला तुरट वास.
ह्याला वासच नाही.
माझं मत म्हणाल तर हे. पण विचारलं कुणी?

माघातली सकाळ. मतलईवर ते किल्ल्याबाहेर गेले.
दहाच्या सुमाराला ती पडली
आणि दोन वाऱ्यांमधली ती रिकामी घटका आली,
जेव्हा सगळीच शिडं सारखी दिसतात, धुणं वाळत घातल्यासारखी.
मग खारा वारा. वायव्येकडून, दमदार.
होडी वळली, वाऱ्याच्या तोंडावर,
इतकी जवळ, की गणूच्या हातातली विडी विझली.
दिगूला वाऱ्याकडच्या काठावर बसवला होता,
वजन म्हणून.
बसायला जागा मिळाली त्याला, एवढं खरं.

"ओहोटीची ओढ होती ती," कुणी म्हणालं.
"रिकामी होडी. बर्फ भर, जाळी भर, मगे बघ."
"वारोच बरो होतो आज."
हसनचाचा चष्मा पुसत म्हणाले,
"दिसायला नाही. पण चाललं."

संध्याकाळी दिवा लावते आहे तोवर
धाकू तांडेल शेडमध्ये आला. चपला बाहेर काढून.
शिडाचा खालचा कोपरा उचलला,
शिवणीवरून अंगठा फिरवला,
वितीनं काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं.
"हय ताण येतलो," म्हणाला. "दुहेरी घाल."
आणि गेला.

दुहेरीच होती. आतून, दुमडीखाली,
पहिल्या दिवशीच घातलेली.
मी त्याला सांगितलं नाही.
दोरा ओवला
आणि तिसरी घातली.