उताराचे पैसे

वर्कनेहच्या निळ्या लाडाला
शंभर किलोमीटरला दहा लिटर लागायचं,
म्हातारी झाल्यावर बारा.
शिवाय मी लागायचो.

ऑइल, प्लग, पॉइंट घासणं,
क्लचची तार, पाण्याचा पंप,
सायलेन्सरला वेल्डिंग, त्या वेल्डिंगला वेल्डिंग,
आणि कशालाच काही झालेलं नसलं
तरी त्याच्या मनात आलेली एखादी शंका,
तीही मी पाना फिरवून नीट करून द्यायचो.
कॉफीपुरते घ्यायचो.

त्याच्या वहीत ज्याला खर्च म्हणतात
त्याच्यावर माझी सिमेन नर्सिंग शिकली.
हे मी त्याला कधी सांगितलं नाही.
त्याला माहीत असणार.

मस्कराममध्ये नवं वर्ष लागलं
आणि तो पांढरी चिनी गाडी घेऊन आला.
आली कधी तेच कळलं नाही.
मी पाठमोरा होतो,
बाहेर कॉफी विकणारी झेनेबेच ओरडली म्हणून वळलो.
बॉनेट उघड म्हणालो.
उघडलं.
आत आणखी एक झाकण.

मग त्याने हिशेब मांडला, बोटांनी, गाडीच्याच टपावर.
रात्री घरच्या मीटरवर लावायची,
सकाळी एक वाजता काढायची
(अदिसमध्ये घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं,
एक म्हणजे उजाडून तास झाला).
शंभर किलोमीटरला शंभर बिरसुद्धा नाहीत.
लाडाला बाराशे.
पंपावरच्या रांगेतली रात्र वेगळी.
ऑइल? नाही. प्लग? नाहीत. क्लच?
तो गप्प बसला.
मी पुढचं विचारलं नाही.
ज्या ज्या ओळीवर तो काट मारत होता
ती ती ओळ माझी होती.

वीज गेली तर? मी म्हणालो.
गेली तर झोपतो, म्हणाला.
बॅटरी म्हातारी होईल तेव्हा?
तेव्हा बघू, म्हणाला, आणि जरा हळू म्हणाला.
तेवढं एक मी मनात जपून ठेवलं,
वाईट आहे, पण ठेवलं.

"दम्तेव, बस," म्हणाला, "एंतोतोवर जाऊन येऊ."
चढताना टक्के भराभर उतरले.
निलगिरीची झाडं, डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायका,
त्यांनी वळूनही पाहिलं नाही,
आवाजच नव्हता वळण्यासारखा.
वरून फिरलो.
आणि उताराला त्याने पाय काढून घेतला,
तर आकडा वर जायला लागला.
एक. दोन. तीन.
चाळीस वर्षं याच उतारावर
मी लोकांचे ब्रेक जळताना हुंगलेत.
ब्रेक-लायनर हा माझा सगळ्यात चांगला धंदा होता.
आणि ही गाडी उतरता उतरता
पैसे परत घेत होती डोंगराकडून.

मी डोळे मिटले.
सवयीने कान लावला.
व्हॉल्व्ह नाही, बेअरिंग नाही, चेन नाही.
वारा. वर्कनेहचा दमा.
आणि, थांब, म्हणालो,
डाव्या दारात, खाली, वळणावर एकदाच,
टिक.

त्याला ऐकू येत नव्हतं.
त्याच्या मुलाला नव्हतं आलं, शोरूमवाल्याला नव्हतं.
म्हणे आठवडाभर काहीतरी वाजतंय असं वाटायचं नुसतं.
गाडी कडेला घ्यायला लावली.
दाराच्या कप्प्यात बोटं घातली, पार तळाला,
पुसायच्या फडक्याच्या खाली.

एक बिरचं नाणं निघालं.

त्याने माझी मूठ मिटली.
"राहू दे," म्हणाला, "या वर्षाचं रिपेअरिंग."
हसला. मीही हसलो.
आमचं वर्ष तेरा महिन्यांचं असतं,
शेवटचा महिना पाच दिवसांचा.
त्यात हे धरायचं म्हटलं
तरी बाकीचे बारा उरतातच.

खाली शहर दिसायला लागलं होतं.
निळे ठिपके शोधत बसलो.