एस-पाच कुठे लागतो

आमच्याकडचं कोणी नागपूरला येत नाही,
सगळे नागपूरवरून जातात.
रूपरावभाऊ सिकंदराबादला, वच्छला भोपाळला,
धाकटा भिलाईला;
सारे रूळ माझ्या अजनीच्या
स्वयंपाकघरातून गेल्यासारखे.

फोन येतो : निघालो.
आमला आलं की मी कणीक भिजवते,
नरखेडला सांबारवड्या कढईत,
काटोल सुटलं की फडक्याला गाठ.
थांबा दहा मिनिटांचा.
त्यातली चार, डब्यासाठी डबा शोधण्यात.

हे पार्सल ऑफिसात होते.
एस-पाच जिन्याखाली लागतो,
एस-अकरा पार पाण्याच्या नळापाशी :
जाताना पेन्शन ठेवून गेले, आणि ही माहिती.

वच्छलाच्या पोरीचं लग्न
आम्ही खिडकीच्या गजांतून ठरवलं.
मुलाचा फोटो बाहेर आला, वड्या आत गेल्या,
गाडी हलली तेव्हा मी ओरडले,
नाक बरं आहे!

एकदा पाच तास लेट.
रात्री दोनला आली तर भाऊ गाढ झोपलेला,
तोंड उघडं, चश्मा छातीवर.
उठवलं नाही.
डबा समोरच्या माणसाकडे दिला, उठले की द्या म्हटलं.
त्यानं सेवाग्रामला दिला.
तीन वड्या कमी होत्या म्हणे.

आता सगळे एसीत.
काच काळी, उघडत नाही.
मी टकटक करते
आणि आतून कोणीतरी भलताच
पडदा ओढून घेतो.

यंदा चैत्रात मीच गेले भावाकडे,
पहिल्यांदा.
परतताना खालचा बर्थ, वहिनीची पुरणपोळी,
बल्लारशा, सेवाग्राम, बुटीबोरीचे दिवे.
नागपूरला उतरले
आणि सवयीनं फलाटभर पाहिलं :
डबा घेऊन कोणी उभं नव्हतं.
कसं असणार.

गाडी मात्र उभीच होती.
दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं.
पिशवी पायाशी टेकवून मीही उभी राहिले
ती हलेपर्यंत.
एस-पाचच्या खिडकीतून
कोणाच्या तरी पोरानं हात हलवला.
मी पण हलवला.

बाहेर ऑटोवाला म्हणाला, अजनी? दीडशे.
काहून बाप्पा, म्हटलं,
एवढ्यात तर मी भिलाईला जाते.