पान दोनशे अकरा

रुवीत, एसीच्या घरघरीत, रोज रात्री
एक पान मराठीत येतं.
रोवन बाई की बुवा,
मूळ इंग्रजीत शेवटपर्यंत कळत नाही.
मराठी मात्र दारातच अडवते:
आला, की आली?

म्हणून रोवननं दार उघडलं, पत्र फाडलं,
रोवनला हसू आलं, ताप आला, झोप लागली.
'नं' आणि 'ला' यांच्या आडोशानं
दोनशे दहा पानं निभावली.

आता रोवन घर सोडून

आणि पुढे क्रियापद. काना, की वेलांटी?

बेल. लॉन्ड्रीचा मफिजुल, जेसोरचा.
त्याच्या बोलीत सगळ्यांना एकच सर्वनाम,
हिंदीत आलं की गडबडतं.
"तीनसो दो का मॅडम चला गया," म्हणतो,
"व्हिसा खतम। बताया भी नहीं।"
हँगरवर निळा झगा, इस्त्री केलेला.
कुणाकडे द्यायचा, त्याला कळत नाही.
बराच वेळ जिन्यात उभा राहतो.

माझ्या चार शर्टांची पावती: नाव नाही,
नुसतं ३०४.

परत टेबलाशी. खोडून लिहिलं:
सकाळी खुंटीवर रोवनचा कोट नव्हता.

चालेल?
मराठी अजून दारात, हाताची घडी घालून.