तात्पुरतं

घणसोली गावठाणातल्या अभ्यासिकेत
कॉम्प्युटर एकच, बोटं सोळा जणांची.
सोळा जणांचा म्हणजे कुणाचाच नाही.
गेल्या मंगळवारपासून तो
सांगावं एक नि करतो भलतंच,
भरतीचं हॉलतिकीट मागावं
तर चपलांची जाहिरात पुढ्यात टाकतो.

चावी माझ्याकडे, म्हणून बोलणीही मलाच.
पहिलं नाव निघालं भूपेश मढवीचं,
कारण तो गेम खेळतो.
भूपेश म्हणाला, ताई, महिनाभर फक्त टायपिंग करतोय,
मिनिटाला तीस शब्द, हवं तर मोजा.
कुणी मोजले नाहीत.

माझा मावसभाऊ निवास रबाळ्याला हेच काम करतो.
फोनवर म्हणाला, आधी टेम्प साफ कर, मग स्कॅन लाव,
नाहीतर ते मशीन रात्रभर
केरातला केस न् केस तपासत बसेल.

रविवारी सगळे मढव्यांकडे हळदीला गेले.
मी दार ओढून बसले.
खिडकीतून डीजे,
आणि ओहोटीच्या खाडीचा वास.

एकोणीस हजार तात्पुरत्या गोष्टी.
नावं अशी, की ठेवणाऱ्यालाही वाचता येऊ नयेत.
मध्येच एखादी ओळखीची:
हर्षलीचं जातपडताळणीचं पत्र, अंगठ्याएवढं.
छातीचं माप, फुगवून आणि न फुगवता.
दत्तूकाकांचा साडेबारा टक्क्यांचा अर्ज,
सात वेळा उघडलेला,
सातही वेळा 'मा. महोदय'पाशी थांबलेला.

आणि एक कागद, सेव्ह न केलेला,
यंत्राने आपणहून धरून ठेवलेला:
'आई, यंदाही झालं नाही तर मी'

इथे वीज गेली असावी.
किंवा गेली नसावी.
तारीख फेब्रुवारीची. नाव नाही.
मी सोळा चेहरे मोजले.
सोळाही परवा चहाला होते,
म्हणजे जो कुणी आहे
तो हे वाक्य अर्धं ठेवून
परवा माझ्यासमोर क्रीमरोल खात होता.

कायमचं हटवायचं का, कॉम्प्युटरने विचारलं.
बराच वेळ विचारत राहिला.
मी होय म्हटलं.
तीन फायली जाईनात,
म्हणे दुसरीकडे कुठेतरी वापरात आहेत.
निवास म्हणाला, सोड त्या.
सोडल्या.

मग स्कॅन.
हिरवी पट्टी गोगलगायीच्या चालीने.
एका टक्क्यावर ती इतकी थांबली
की मी उठून माठ भरला,
सहा खुर्च्या सरळ केल्या,
तोवर बाहेर हळदीचं एक गाणं संपून
तेच पुन्हा सुरू झालं.

एक सापडला. एकच.
आला कुठून, तेही लिहिलेलं होतं:
पेनड्राइव्ह, नाव 'रेवती लग्न फोटो'.

रेवती मी.

भूपेशला फोन लावला. मागे डीजे.
सापडला का ताई, तो ओरडला.
सापडला. मीच.
कोण?
मीच रे!
ऐकू नाय येत, उद्या बोला.

फळ्यावर लिहून ठेवलं:
पेनड्राइव्ह आधी मला दाखवणे.
या वेळची चूक माझी. भूपेशची नव्हे.
खाली लिहिलं, 'फेब्रुवारीत ज्याने',
आणि तळहाताने पुसलं.
पुसलेल्या जागी, खडूच्या धुरकट डागावर,
एवढंच पुन्हा लिहिलं:
उद्यापासून अभ्यासिका रात्री अकरापर्यंत उघडी.
मी असेन.